दुबार म्हणून रद्द

बोर्ड बंद करायचा निर्णय मी रविवारी सकाळी घेतला. ताईने फोनवर पुन्हा तेच ऐकवलं होतं, "अरे, त्या संगणकासाठी एक अख्खी जादा फोनलाइन अडवून बसलायस. आठ महिन्यांत काळं कुत्रंसुद्धा फिरकलं नाही म्हणतोस, मग राखण कसली करतोस?" मोठी बहीण, तिच्यापुढे माझं काय चालणार! शिवाय तिचं खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

बोर्ड म्हणजे मागच्या खोलीतल्या त्या संगणकावरचा सगळ्यांसाठी खुला संदेशफलक; एके काळी त्यावर दिवसाला तीनशे संदेश यायचे. लोक मोडेमवरून फोन लावत, एकमेकांचं वाचत, यथेच्छ भांडत. लाइन खराब असली की एकच संदेश दोनदा-तीनदा येऊन पडे. म्हणून मी स्वतः दुबार पकडणारा प्रोग्राम लिहिला. मेमरी सगळी मिळून सहाशे चाळीस केबी, त्यात बाकीचा पसारा. तेव्हा पोटाला चिमटा काढून फक्त शेवटच्या दोनशे संदेशांच्या खुणा, म्हणजे मजकुरावरून काढलेला एकेक छोटा आकडा, तेवढ्या ठेवल्या. नवा संदेश आत आला की सर्वांत जुनी खूण बाहेर. खूण जुळली की संदेश गुपचूप रद्द. काय मिरवलो होतो मी तेव्हा!

मग लोक पांगले. रोज संध्याकाळी कामावरून आलो की चपला काढायच्या आधी मी पडदा बघायचो. नवे संदेश शून्य. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला नाही झाली.

त्या रविवारी फायली उतरवून घेताना रद्द संदेशांची यादी दिसली. ती मी कधी उघडलीच नव्हती. गेल्या आठ महिन्यांतल्या दोनशे एकतीस नोंदी, सगळ्या एकाच सभासदाच्या. त्याला बोर्डावर सगळे घड्याळजी म्हणत. भर दुपारी, मी ऑफिसात असताना, रोज एकच ओळ: "जेवण झालं. कुणी आहे का?" मधले आठ-दहा दिवस नव्हते, बहुधा आजारी असतील.

पूर्वीही ते रोज हेच लिहीत. पण तेव्हाच्या गर्दीत दुसऱ्या दुपारपर्यंत त्यांची खूण बाहेर ढकलली जाई आणि ओळ फलकावर लागे. गर्दी ओसरली, खूण जागची हलेना. आठ महिने माझाच प्रोग्राम त्या माणसाला दारातून परत पाठवत होता, आणि मी संध्याकाळी तोंड पाडून बसत होतो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

सभासदांच्या यादीतून नंबर काढला आणि फोन लावला. आम्ही कधीच बोललो नव्हतो.

"बोर्डवाले?" घड्याळजी हसले. "म्हणजे आता फोन करून दम देणार?"

"दम कसला?"

"अहो, तीच ती ओळ लिहितो म्हणून तुम्ही रोज काढून टाकता, कळत नाही का मला? तुमचंही बरोबरच आहे."

"मग तरी लिहीत राहिलात?"

"बायको गेल्यापासून घरात आवाज नाही हो. म्हटलं, न चुकता काढून टाकायला तरी तिथे कुणीतरी बसलंय. वाचल्याशिवाय थोडंच काढत असेल?"

खुणा, मेमरी, प्रोग्राम, सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

"वाचूनच काढायचो," मी म्हणालो. "उद्यापासून ठेवतो."