चढावरचं न फिरणारं चाक

चढाच्या पायथ्याशी त्या सकाळीही माणसं जमली होती. आरोग्य केंद्राची जुनी जीप फसली होती. डावीकडची दोन्ही चाकं चिखल उडवत गरागरा फिरत होती, आणि उजवीकडची दोन्ही, चांगली कोरड्या कातळावर टेकलेली, तसूभरही हलत नव्हती. हाच तर चमत्कार! चारही चाकांना जोर असलेली फोर-व्हील ड्राइव्हची गाडी. तरी चिखलातली चाकं फिरतात आणि पक्क्या जमिनीवरची थिजतात? म्हणजे ती कुणीतरी धरून ठेवलेली असणार. कोणी, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरीणबाईंच्या आईने.

दोन वर्षांपूर्वी ती याच चढावर, याच जीपमध्ये गेली. छातीत दुखत होतं, शहरातल्या दवाखान्यात न्यायची होती. गाडी फसली, ढकलून ढकलून माणसं दमली, आणि तोवर तिचा श्वास संपला. वरच्या टाकीतून पाणी गळायचं, म्हणून तिथे बारा महिने चिखल. गळती बंद करायचं कुणाच्या मनात आलं नाही. चढाला लागून झोपडी बांधायचं मात्र एका बुवाच्या मनात आलं; लोक त्याला चाकमहाराज म्हणू लागले. गाडी फसली की महाराज डोळे फिरवत यायचे, थांबलेल्या चाकावर हात ठेवायचे आणि ओरडायचे, "सोड, बाई, सोड!" की गाडी चढलीच. मग महाराजांच्या हातावर काही ठेवल्याशिवाय पुढे जायची कुणाची छाती होती?

मास्तरीणबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. हे सगळं त्यांनी दात-ओठ खाऊन सोसलं असतं. पण आता गाठ अण्णांशी, त्यांच्या वडिलांशी होती. अण्णांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा शहरात जाऊन रक्त शुद्ध करून घेतल्याशिवाय जगणं शक्य नव्हतं. आणि अण्णा गाडीत असले की महाराजांचं "सोड" चालेनासं झालं होतं.

"तिला तू हवास," महाराज सांगायचे. "तू उतर, बाकीच्यांना ती सोडेल."

अण्णा उतरायचे, आणि गाडी खरोखरच जायची. दोन खेपा अशाच हुकल्या होत्या. अण्णांचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. तरी ते काठी टेकत चढावर यायचे, तिथल्या दगडावर कायम पसरून ठेवलेली बायकोची शाल सारखी करायचे आणि बायकोशी बोलत बसायचे. शाल, तिला थंडी सोसायची नाही म्हणून.

"अण्णा, अहो, आई तुम्हाला मरायला सांगेल का?" बाईंनी आदल्या दिवशी विचारलं होतं.

"रागावलीय ती. मी त्या दिवशी तिला घेऊन उशिरा निघालो ना," अण्णा म्हणाले होते.

पण गेल्या खेपेला बाईंनी एक गोष्ट पाहिली होती. अण्णा उतरले, महाराज ओरडले, आणि ड्रायव्हरचा हात सीटखाली गेला. म्हणून आज त्या मुद्दाम पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसल्या होत्या. त्याच्या सीटच्या झालरीखाली हात घातला तर बोटांना एक आखूड लोखंडी दांडी लागली. ड्रायव्हरने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हाताऱ्या, उतर!" महाराज गरजले. "कशाला तिचा जीव दुखवतोस?"

मागच्या सीटवरून अण्णा उठू लागले.

"बसा अण्णा," बाई म्हणाल्या. "काका, चाकं थांबवा." ड्रायव्हरने थांबवली. बाईंनी दांडी खेचली. खालून खट् असा आवाज आला. "आई," त्या अण्णांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाल्या, "अण्णांना जाऊ दे गं. हं काका, आता हळू घ्या."

जीप गुरगुरली, मागचं थांबलेलं चाक कातळावर वळलं, आणि गाडी निमूट चढ चढून वर आली.

गर्दी धावतच मागोमाग. कुणी बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं, कुणी म्हणालं, "आईने लेकीचं ऐकलं!" महाराजही आले आणि, काय त्यांची हुशारी, हात जोडून म्हणाले, "माझीच शक्ती हिच्यात उतरली!"

अण्णा रडत होते. "ऐकलं गं तिने तुझं. माझ्यावरचा राग गेला तिचा."

बाईंनी सीटखालच्या दांडीकडे पाहिलं. गप्प राहिलं तर अण्णा आनंदाने दवाखान्यात जाणार होते. मग उद्या हीच माणसं बाईंसमोर रांग लावणार, आणि परवा आणखी कुणाला तरी गाडीतून उतरवणार. आणि खरं सांगून टाकलं, तर अण्णांच्या लेखी आई इथूनही नाहीशी होणार.

त्यांनी सीटची झालर वर केली.

"ही दांडी बघा. वळणावर गाडीचं एक चाक जास्त फिरतं, दुसरं कमी. त्यासाठी चाकांच्या प्रत्येक जोडीच्या मध्ये डिफरन्शियल असतं, दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारी दातेरी चाकांची पेटी. पण चिखलात तेच घात करतं. ज्या चाकाला पकड नाही ते नुसतं फिरत राहतं, आणि मग पकड असलेल्या चाकालाही तेवढाच, नावापुरता जोर मिळतो. पुढच्या जोडीत तेच, मागच्या जोडीत तेच. फोर-व्हील ड्राइव्ह असून काय उपयोग? ही दांडी ओढली की मागची दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जातात. मग कातळावरचं चाक गाडी ओढून काढतं. चाक कुणी धरत नव्हतं. पुढच्या वेळी कुणी म्हणालं की अदृश्य हाताने धरलंय, तर पाया पडण्याआधी खाली वाकून बघा."

महाराज गर्दीच्या कडेकडेने सटकू लागले होते. कुणी अडवलं नाही. सगळे दांडीकडे बघत होते.

अण्णांनी फक्त एवढंच विचारलं, "त्या दिवशी होती ही?"

ड्रायव्हरने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "होती, अण्णा. पण मला माहीत नव्हतं हो, शपथ. नंतर गाडी धुताना सापडली. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, यानेच मारली. महाराजांनी ओळखलं, आणि मग मी त्यांच्या मुठीतच गेलो. तुम्हाला उतरवलं की लोकांची भीती आणखी वाढते, म्हणायचे ते."



"म्हणजे ती मला अडवत नव्हती," अण्णा म्हणाले.

"नाही, अण्णा."

"रागावलेलीही नव्हती."

"नाही."

"आणि इथे... नाहीच ती?"

बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. "नाही, अण्णा."

अण्णांनी मान हलवली. मग काठी घेऊन ते खाली उतरले आणि लेकीच्या आधाराने दगडापर्यंत गेले. दोन वर्षं ज्या शालीला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता, ती त्यांनी उचलली, चिखल झटकला, नीट घडी केली. परत येऊन गाडीत बसल्यावर तीच उलगडून स्वतःच्या सुजलेल्या पायांवर घेतली.

"चला," ते ड्रायव्हरला म्हणाले. "आज तरी वेळेवर पोचू."