चंद्रावरचा गहू

मी एक जुने पुस्तक आहे, मित्रांनो. वरून काही दिवस मधमाशीपालनाचे, आतून मात्र कायम चंद्रावर गहू पिकवायला गेलेल्या माणसांच्या कल्पित गोष्टीचे.

१९२७ साली खार्कीव शहरात मी छापले गेले. कागद स्वस्त आणि पिवळसर होता. पोल्टावाकडच्या एका खेड्यातल्या वाचनालयात मी सात वर्षे हातोहात फिरले. चंद्रावर माणसाचे वजन किती भरेल, यावरून मुले माझ्यावर कोपरे टेकून भांडत.

मग जिल्ह्यातून यादी आली. माझ्या लेखकाला अटक झाली होती, त्यामुळे त्याची पुस्तके भट्टीत जाणार होती. ग्रंथपाल मेलान्का शहरातून आलेली. तिने माझे कव्हर फाडले आणि पिठाच्या खळीने मला मधमाशीपालनाच्या फाटक्या पुस्तकाच्या कव्हरात चिकटवले. सगळ्यांत कंटाळवाणे म्हणून तिने ते निवडले होते. ज्या गावात घरागणिक मधमाश्यांच्या चार पेट्या, त्या गावात! मी सापडले असते, तर लेखकामागोमाग तीही गेली असती. मला मात्र भीती वाटली नाही. काहीच वाटले नाही.

मे महिन्यात जिल्ह्याचा तपासनीस कपाटे बघत असताना म्हातारा मधपाळ ओनिसिम आत आला.

"पोरी, ते माश्यांचं पुस्तक दे. माझ्या माश्या पेटी सोडून चालल्यात."

"आजोबा, ते... फाटलंय."

"मग मी काय नवा आहे?"

तपासनीस हसला. "द्या की बाई! पुस्तकं काय लोणचं घालायला ठेवलीत?"

मेलान्काने मला दिले. तिची बोटे गार होती, एवढे कळले.

चौथ्या दिवशी ओनिसिम मला टॉवेलात गुंडाळून परत घेऊन आला. तपासनीस अजून तिथेच होता.

"काय आजोबा, झाला उपयोग?"

"डोंबलाचा! म्हणे राणी म्हातारी झाली की बदला. हे मला चाळीस वर्षं ठाऊक आहे."

तपासनीस खो खो हसत जेवायला गेला. दार लागल्यावर म्हाताऱ्याने आवाज खाली आणला.

"शेवटचं पान कव्हराला चिकटलंय गं. ती माणसं घरी परत येतात का?"

मेलान्का खुर्चीत बसली. टेबलावरच्या यादीत माझ्या लेखकाचे नाव होते, त्यावर तिची नजर गेली.

"नाही, आजोबा. पण गहू उगवतो."

"बरं," तो म्हणाला. "कव्हर बदल. पुढच्या महिन्यात आमच्यातला दुसरा कुणी मागायला येईल."

त्या दुपारी तिने चिकटलेले कव्हर तसेच ठेवून वरून मला शिवणकामाचे कव्हर घातले. ते या गावात कुणी मागितले नाही. मेलान्का म्हातारी होऊन गेली, आणि मी तिच्या नातीकडे आले.

मित्रांनो, पिठाच्या खळीने चिकटलेले पान ओढून काढू नका. वाफेवर धरा. खळ मऊ होईल. मग सुरीच्या बोथट बाजूने, कोपऱ्यापासून, सावकाश. नातीने तसे केले. शेवटच्या पानावर ती माणसे घरी परत येतात.