फक्त इंग्रजी कळणारी पेटी

मित्रांनो, सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून घेऊ. माझी कहाणी ऐकून कोणी "अरेरे, बिचारी!" म्हणायचे नाही. मी जुनी आहे हे खरे. माझ्या भात्याला दोन ठिगळे आहेत आणि एक पांढरी पट्टी दाबली की वर यायला वेळ लावते. पण बिचारी मी कधीच नव्हते. मी बाजाची पेटी आहे, लोक मला हार्मोनियम म्हणतात, आणि माझ्या पोटात एक चोरकप्पा आहे. असा कप्पा घेऊन सुरात वाजणारी दुसरी पेटी तुम्ही पाहिली असेल, तर मला जरूर कळवा.

माझा जन्म भाईंदर पश्चिमेला, बाजारामागच्या एका गाळ्यात झाला. तिथे उत्तम मिस्त्री पेट्या बनवायचे आणि दुरुस्तही करायचे. एक दिवस दाजी नावाचे गृहस्थ त्यांच्याकडे आले. दाजी लग्नात, पूजेला, सोसायट्यांच्या गणपतीत गाणी म्हणायचे आणि मध्येच जादूचे प्रयोग करायचे.

"मिस्त्री, गाता गाता पोटातून रुमाल काढील अशी पेटी पाहिजे."

"दाजी, पेटी पाहिजे की जादूचं खोकं? एक काय ते ठरवा."

"ठरवलंय. दोन्ही पाहिजे."

मिस्त्रींनी दोन महिने डोके खाजवले. शेवटी त्यांनी माझ्या तोंडाशी ओढायचे सहा गोल दट्टे बसवले. त्यांतले पाच सुरांसाठी आहेत. सहावा मात्र लबाड आहे. तो ओढला की आवाजात काडीचाही फरक पडत नाही, पण माझ्या कडेची एक फळी टक्कन उघडते आणि आत आधीच दडवलेला जोडीचा लाल रुमाल बाहेर डोकावतो. हे गुपित फोडल्याबद्दल जादूगार माझ्यावर रागावतील. रागावू देत! पुढे काय झाले ते समजायला तुम्हाला हे ठाऊक असायलाच हवे.

दाजींबरोबर मी तीस वर्षे हिंडले. मराठी भावगीते वाजवली, आगरी लग्नांतली गाणी वाजवली, गुजराती शेजाऱ्यांच्या गरब्यालाही साथ केली. गवई नाके मुरडायचे. "ही पेटी की डबा?" असे माझ्यासमोर म्हणायचे. जादूगार म्हणायचे, एवढे ओझे कशाला वाहता? मी दोघांनाही भीक घातली नाही. दाजी गेले, आणि मग मी पूनम सागर वसाहतीतल्या त्यांच्या नातीच्या घरी माळ्यावर जाऊन पडले. माझ्यावर आधी वर्तमानपत्रे आली, मग चादरी, मग एक बिघडलेला मिक्सर. पाच वर्षे मी एक सूरही काढला नाही. त्या वर्षांचा मला अजून राग आहे आणि तो मी लपवत नाही.

दाजींची नात म्हणजे संजनाबाई. पेणकरपाड्याजवळच्या एका मराठी शाळेत त्या सातवीला इंग्रजी शिकवतात. त्यांच्या वर्गाची एक मोठीच पंचाईत होती. मुलांना स्पेलिंगे पाठ होती, धड्याखालची उत्तरे पाठ होती, वहीत अक्षर मोत्यासारखे होते. पण बाईंनी इंग्रजीत साधे नाव विचारले तरी चाळीसच्या चाळीस माना खाली जायच्या. चुकले तर लोक हसतील, ही भीती मुलांना बोलूच देत नव्हती. एका रविवारी बाईंनी माळा उपसला, मला खाली काढले, पुसले आणि रिक्षात घालून शाळेत आणले.

"मुलांनो, ही माझ्या आजोबांची पेटी," त्या वर्गाला म्हणाल्या. "हिला फक्त इंग्रजी कळतं. मराठीत कितीही विनवण्या करा, ही ढिम्म हलणार नाही."

मला हसूच आले. जिचे उभे आयुष्य मराठी गाण्यांत गेले, तिला म्हणे मराठी कळत नाही! पण मी जादूगाराची पेटी आहे. सोंग घेणे माझ्या लाकडातच आहे. मी घेतले सोंग.

मग आमचा खेळ सुरू झाला. बाई लाल रुमाल मुठीत कोंबायच्या, फुंकर मारायच्या आणि मूठ उघडून रिकामी दाखवायच्या. मी सूर धरायचे आणि मुले बाकांवर ठेका धरून गायची, "व्हेअर इज इट? व्हेअर इज इट?" मग एकेका बाकाने विचारायचे, "इज इट अंडर द टेबल?" बाकी वर्ग गरजायचा, "नो, इट इजन्ट!" "इज इट बिहाइंड द डोअर?" "नो, इट इजन्ट!" नियम एकच होता. प्रत्येक बाकाने स्वतःचा नवा प्रश्न विचारल्याशिवाय सहावा दट्टा ओढायचा नाही. आपल्यापायी जादू अडली असे कोणाला आवडेल? महिन्याभरात मुले बाई वर्गात येण्याआधीच आज कोणी काय विचारायचे यावरून भांडू लागली, आणि भांडणही इंग्रजीत. दुसऱ्या एका खेळात माझा सूर थांबला की सगळ्यांनी होते तिथे थिजायचे आणि आपण काय करतो आहोत ते सांगायचे. "आय ॲम ईटिंग वडापाव," असे रोज अकरा जण तरी सांगायचे.

एक गळा मात्र गप्प होता. तुम्हाला वाटेल, एवढ्या गोंगाटात पेटीला काय कळते? मला सगळे कळते. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरची द्वारका नुसते ओठ हलवायची. मुलगी हुशार होती, पण आवाज फुटत नव्हता. ती गाण्याच्या वेळी माझ्याकडे टक लावून पाहायची. एके दिवशी मधल्या सुट्टीत ती एकटीच माझ्याजवळ आली, एकेक दट्टा ओढून पट्टी दाबून पाहू लागली आणि सहाव्यावर थांबली. फळी उघडली. तिने ती हळूच बंद केली आणि माझ्या कानाशी, म्हणजे भात्याशी, तोंड आणून कुजबुजली, "आय नो." तिने हे कोणालाही सांगितले नाही. त्या दिवसापासून ती माझी लाडकी झाली.

पण नव्याचे नऊ दिवस संपले आणि तक्रारी सुरू झाल्या. शेजारच्या वर्गाचे शिक्षक म्हणाले, गोंगाट होतो. काही पालक फाटकापाशी म्हणाले, आम्ही पोरे शिकायला पाठवतो की तमाशाला? सगळ्यांत मोठा आवाज होता द्वारकेच्या वडिलांचा. शिवदास त्यांचे नाव. त्यांचे वाडवडील मिठागरात राबले होते. ते स्वतः टेम्पो चालवतात. एक दिवस ते तरातरा वर्गात आले. त्यांच्या हातात एका इंग्रजी शाळेचा फॉर्म होता.

"बाई, ह्यो खेल हाय, शिक्षन न्हाय," ते म्हणाले. "कंपन्यांमदी मी माल टाकाला गेलो का हापिसातली पोरं इंग्लिसमदी बोलतात, आन् मी खांबावानी उभा ऱ्हातो. माज्या पोरीनं तरी असं गप उभं न्हाय ऱ्हायचं. ती शाला तिला घेताय. फक्त पाचवीत बसवनार."

"अहो, पण ती सातवीत आहे!" बाई म्हणाल्या. "तेरा वर्षांची मुलगी पाचवीत बसवणार? दोन वर्षं मागे?"

"बसंल. इंग्लिस तरी येल."

द्वारका दाराशी उभी राहून हे ऐकत होती. पाचवीतली मुले तिच्या खांद्याला लागली असती. तिचा चेहरा मला अजून दिसतो. तिला ओरडून काहीतरी सांगायचे होते, आणि तिला ते जमत नव्हते.

मुख्याध्यापकांना मुले मोठे सर म्हणतात. मोठे सर वाईट नव्हते, फक्त शांततेचे भोक्ते होते. त्यांनी निकाल दिला. दोन आठवड्यांनी शनिवारी पालक सभा आहे. त्या दिवशी पालकांना दाखवा, या पेटीने काय शिकवले ते. पटले तर पेटी राहील. नाही पटले तर पेटी घरी आणि बाई पुस्तकाकडे. शिवदासही म्हणाले, मी तोवर फॉर्म भरत नाही. "आणि तोपर्यंत," मोठे सर म्हणाले, "पेटी स्टोअररूममध्ये राहील. मला शाळेत शांतता हवी."

स्टोअररूम पाण्याच्या टाकीला लागून होती. तिच्या भिंतीला बाराही महिने ओल. त्यात आमच्याकडची खाडीची खारी हवा. मी चौदा दिवस फाटक्या नकाशांशेजारी ओल्या फरशीवर बसले आणि माझे लाकूड फुगले. तुम्हाला म्हणून सांगते, मी एका क्षणासाठीही घाबरले नाही. पण अंग जड झाले होते.

शनिवारी सकाळी मला वर्गात आणले. पालक बाकांवर दाटीवाटीने बसले होते आणि मुले भिंतीला टेकून उभी होती. बाईंनी रुमाल गायब केला, मी सूर धरला. माझा आवाज थोडा घोगरा होता, पण मुले मोकळेपणाने गायली. प्रश्न विचारले, उत्तरे दिली. पालक कौतुकाने पाहू लागले. मग बाईंनी सहावा दट्टा ओढला.

फळी उघडली नाही.

बाईंनी पुन्हा ओढला. मग जोर लावून ओढला. मी आतून सगळी ताकद लावली, पण फुगलेल्या लाकडाने मला आवळून धरले होते. मागून कोणीतरी फिस्सकन हसले. मग बरेच जण हसले. मोठे सर घसा खाकरून म्हणाले, "बघितलंत ना? म्हणूनच मी म्हणत होतो."

शिवदासांनी खिशातून फॉर्म काढला आणि ते उठले. "चल द्वारका. झाला तमाशा. आज फॉर्म भरून टाकू."

"नो."

सगळ्यांनी माना वळवल्या. द्वारका भिंतीपासून पुढे आली होती. आणि तिचा आवाज? मित्रांनो, मी आयुष्यभर सूर ओळखत आले आहे. तो आवाज पोटातून आलेला होता.

"द पेटी इज नॉट ब्रोकन," ती म्हणाली. "द पेटी इज वेट." मग ती मोठ्या सरांकडे वळली आणि तिने वर्गात कोणीच शिकवला नव्हता असा प्रश्न विचारला. "हू पुट द पेटी इन द स्टोअररूम?"

मग भिंतीशी उभ्या मुलांपैकी कोणीतरी भिंतीवर ठेका धरला. दुसऱ्याने धरला. आणि एकोणचाळीस गळे आमच्या गाण्याच्या चालीवर सुरू झाले, "हू पुट द पेटी? हू पुट द पेटी?" मोठे सर लालबुंद झाले. बाई "शू, शू" करत होत्या, पण त्यांचा भाता मारणारा हात काही थांबला नव्हता. मला तर किती आनंद झाला म्हणून सांगू! मी फुगलेल्या अंगानेच दणकून साथ दिली.

द्वारकेने हात वर केला आणि सगळे थांबले. ती वडिलांसमोर जाऊन उभी राहिली.

"आय विल नॉट गो टू फिफ्थ. आय ॲम सेव्हन्थ!"

शिवदास बाईंकडे पाहून म्हणाले, "काय बोलली ही?"

"तिलाच विचारा ना," बाई म्हणाल्या.

"पाचवीत मी जानार न्हाय," द्वारका म्हणाली. "सातवीची हाय मी. आन् पेटी बिगडली न्हाय, भिजली हाय."

"नो तं मना बी कललं," शिवदास पुटपुटले. तेवढ्यात बाई पुन्हा माझा सहावा दट्टा खेचू लागल्या. ते पाहून शिवदासांना राहवेना.

"ओढू नका, बाई, ओढू नका! फुगलेली फली ओढली का अजून अडते. सरा तिकडं."

मिठागरात खाडीचे पाणी आत घ्यायला आणि अडवायला लाकडी फळ्या असतात. खाऱ्या पाण्याने त्या फुगतात आणि रुतून बसतात. शिवदासांना त्यांच्या आजोबांनी शिकवले होते, की अशी फळी आधी आत दाबायची, कोपऱ्यावर तळहाताने थाप द्यायची आणि मग सोडायची. शिवदास माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यांनी माझी फळी आत दाबली, कोपऱ्यावर एक सणसणीत थाप दिली आणि हात काढून घेतला. टक्क! लाल रुमाल त्यांच्या गुडघ्यावर येऊन पडला. पोरांनी छप्पर उडेल एवढा गलका केला.

शिवदासांनी रुमाल द्वारकेच्या हातात दिला. मग फॉर्मची चार वेळा घडी घातली आणि तो खिशात खोलवर कोंबला. "ऱ्हा मंग सातवीत," ते म्हणाले. "कोन खाली बसवतो तुला ते बगू." मग त्यांचे डोळे भरून आले आणि ते टेम्पोचे निमित्त करून बाहेर गेले.

मोठ्या सरांनी मला ठेवून घेतले. मात्र आठवड्यातून तीनच दिवस, असे त्यांनी बजावले. मुले त्यांचे ऐकतात आणि त्या तीन दिवसांतच सहा दिवसांचे गाऊन घेतात. त्या थापेने माझ्या फळीची खिट्टी तुटली. आता कप्पा उघडाच असतो आणि गुपित सगळ्यांना ठाऊक आहे. त्याने काही बिघडले नाही. हल्ली मुलेच वस्तू लपवतात आणि शोधायची पाळी बाईंवर येते. बाईंचे यजमान म्हणाले, दाजींची आठवण आहे, घरी काचेच्या कपाटात ठेवू, वर छोटा दिवा लावू. मला त्या कपाटात ठेवलेत तर मी रुसेन हो! मला मऊ फडक्याने पुसा, ओलीपासून दूर ठेवा, भाता फाटला तर ठिगळ लावा. एवढी काळजी मला पुरते. पण वाजवा. पाच वर्षे माळ्यावर काढलेल्या पेटीचे हे सांगणे आहे.

आणि मित्रांनो, तुम्हालाही कधी कोणी सांगेल, की तुला बोलता येत नाही, तू दोन पायऱ्या खाली जाऊन बस. तेव्हा बसू नका. उभे राहा आणि येईल तसे, अडखळत, चुकत बोला. बेसूर झाले तरी हरकत नाही. मी आहे ना सूर धरायला!