जिन शब्दाचे साक्षीदार

मुख्याध्यापक प्रभाकरराव बावीस वर्षांपासून इंग्रजीतल्या लहान शब्दांचा कोश करत होते. त्यांचा नियम एकच: प्रत्येक अर्थाला दोन साक्षीदार. "कोशावरून कोश केला तर ती नक्कल," ते म्हणत. ज्यानं वस्तू स्वतः पाहिली आणि तो शब्द त्याच अर्थानं ऐकला, अशाच माणसाची चिठ्ठीवर सही चाले.

इंटर सायन्स झालेली सुलोचना पुलगावजवळच्या त्यांच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागली, त्याला वर्ष होत आलं होतं. तिला कायम करायचं की नाही, तो अहवाल एप्रिल संपायच्या आत संस्थेकडे जायचा होता. एप्रिलची सव्वीस तारीख होती, आणि अहवाल टेबलावर कोरा होता.

"कोशातला जिन हा शब्द तेवढा पुरा करून द्या," प्रभाकरराव म्हणाले. "मग तुमचा कागद घेतो."

सुलोचनेला नियम पटला होता. प्रयोगवहीतही न पाहिलेलं लिहीत नाहीत.

पहिला अर्थ घरातच होता. तिची आई जिजाबाई सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या जिनात अठरा वर्षं राबली होती; तिनं आणि शेजारणीनं अंगठे दिले. शिकारीच्या लोखंडी सापळ्यालाही जिन म्हणतात, हे जंगल खात्यातल्या दोघा जुन्या चौकीदारांनी गोऱ्या साहेबाकडून ऐकलं होतं. या दोन्हींचं मूळ एक: 'एंजिन' शब्दाचं शेपूट. पूर्वी त्याचा अर्थ हिकमत असा होता. तिसरा जिन म्हणजे दारू. तो हॉलंडकडून आलेला, जुनिपर नावाच्या झुडपाच्या फळावरून. त्याचं पहिल्या दोघांशी काही नातं नव्हतं, आणि त्याला साक्षीदारही नव्हता.

ती फौजेतून परतलेल्या प्रेमदासमामांकडे गेली.

"मामा, तुमी जिन प्यालते का?"

"प्यालतो ना. इंफाळले. गोरा सार्जंट पाजे. म्हने, मलेरिया होत नाई."

"मंग झाला नाई?"

"दोनदा झाला."

"इथं सही द्या."

"पागल झाली का वं? दसऱ्याले नागपूरले दीक्षा घेतली, दारूले शिवनार नाई म्हनलं, अन् आता पेतो म्हून कागदावर लिहून देऊ?"

"आधीची गोष्ट हाय, मामा."

"कागदाले आधी अन् मंग काय समजते?"

"तारीख टाकू."

मामांनी तारीख तीनदा वाचून घेतली. "अन् त्याच्यानंतर थेंब नाई, हेबी लिहिजो." तेही तिनं लिहिलं. मग त्यांनी सही केली.

दुसरा साक्षीदार चार दिवस मिळाला नाही. गावात माहीतगार बरेच होते, सही करणारा कोणी नव्हता. तीस तारखेला ती चिठ्ठी घेऊन मुख्याध्यापकांसमोर उभी राहिली.

"एकच आहे, सर. तिसरा अर्थ गाळावा लागेल."

"बावीस वर्षांत मी एकही अर्थ गाळलेला नाही."

"मग एका साक्षीवर घ्यायचा का?"

"नियम म्हणजे नियम."

प्रभाकररावांनी खादीच्या टोपीची घडी नीट केली, उठून दार लोटलं, आणि चिठ्ठी ओढून लिहिलं: जबलपूर, १९२३, कॉलेजच्या साहेबांच्या घरी, सरबत समजून.

सुलोचनेनं वाचलं. टेबलावर अहवाल कोराच होता. गप्प बसणं सोयीचं होतं. पण साक्ष अपुरी होती.

"सर, सरबत समजून घेतली, तर तो शब्द कधी ऐकला?"

प्रभाकररावांनी दार नीट लागलंय ना, ते पाहिलं.

"दुसरा पेला मागताना," ते म्हणाले.

त्यांनी तेही लिहिलं आणि सही केली. मग अहवाल पुढे ओढला. शेऱ्याच्या रकान्यात 'काटेकोर' असा एकच शब्द लिहिला. ही स्तुती की तक्रार, ते तिनं विचारलं नाही. त्याखाली 'कायम करावे' असं होतं.