हवेचं भाडं

किलोमागे ठरलेलं मूळ भाडं, बाकी काही नाही, असं कुरियरच्या एजंटाने सांगितलं होतं. वेताच्या लॅम्पशेड विणणाऱ्या थोरल्या सुनेची शेड किलोभरही भरत नसे. त्या भरवशावर तिने घरपोच किमती लावल्या आणि ऑर्डरी येत राहिल्या.

बिल आलं तेव्हा तिला वाटलं, दुसऱ्या कुणाचंतरी चुकून आपल्याकडे आलं. एजंट फोन उचलेना. शेवटी धाकट्या दिराला घेऊन ती थेट गोदामात गेली.

काउंटरवरचा कारकून आवाज न चढवता बोलत होता. "बाई, तराजूवरचं वजन आणि खोक्याचं माप, यात जे जास्त निघेल त्यावर भाडं. तुमची शेड हलकी, पण खोकं गाडीत पाच किलोची जागा अडवतं."

"म्हणजे आतल्या हवेचे पैसे?"

"तसंच समजा. वर इंधनाचे, लांबच्या गावाचे. गिऱ्हाईक भेटलं नाही तर माल परत. ते भाडंही तुमच्याच माथी."

परत आलेली तिची खोकी मागे रचली होती. त्यांच्यापलीकडे छतापर्यंत धुळीने माखलेली दुसरी खोकी होती. काहींवर तिच्याच गल्लीतल्या कुंभाराचा शिक्का होता. तो दुकान बंद करून, कुणाला न सांगता निघून गेला होता.

"हा माल?"

"सोडवायला कुणी आलं नाही. जागाभाडं मालाच्या किमतीवर गेलं की कुणी येत नाही."

"वहिनी, आपणही सोडून देऊ," दीर पुटपुटला.

तिने ऐकलं नाही. वेतासाठी आणलेले पैसे भरले, तिथंच खोकी फाडली आणि शेड एकीत एक घातल्या. दोन गाठोड्यांत सगळं मावलं. तिला जरा हायसं वाटलं. घरी पाठवायला बांधून ठेवलेला माल तेवढा थांबवायचा, म्हणून तिने सासूबाईंना फोन लावला.

"अगं, गाडी येऊन गेलीसुद्धा! पुढच्या खोलीतली झाडून सगळी खोकी दिली मी. म्हटलं, तू दमून येशील."

ती काउंटरकडे धावली. "गाडी परत फिरवा!"

"फिरवू की," कारकून म्हणाला. "पण नोंद झालीये. जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही भाडी लागतील."

मागचं शटर करकरत वर गेलं. तिच्या घरची खोकी घेऊन गाडी उलटी आत येऊ लागली. कोपऱ्यातला माणूस मोजपट्टी घेऊन उठला.