धारेचं लुगडं

शालूला सगळं कळलं तो सोमवार होता. ऊन चांगलं तापलं होतं. ती गोठ्यात शेण भरत होती आणि मी दारात आरसा टांगून दाढी करत होतो. तेवढ्यात एक माणूस मोटरसायकल लावून अंगणात आला. कपाळावर भस्माचे पट्टे, डोक्यावर टोपी. त्याला बघितलं आणि माझा हात गालावरच थांबला. कागलच्या पलीकडचा भरमाप्पा होता तो.

"पावणं, तुमची म्हस काय धार दीना बगा," आल्या आल्या तो मोठ्यानं बोलला. "तीन दिस झालं. आमची कारभारीण नीलम्मा धारेला बसली की लाथ झाडतीया. मी बसलो तर मलाच आडवा केला. दुधाची कासंडी गेली गटारात."

मी डोळ्यांनी खुणावलं. त्याला काय कळणार? शालू शेणाच्या हातांनी तशीच बाहेर आली.

"कंची म्हस?"

"चांदी की आक्का. कपाळावर ठिपका हाय ती. मालकांनी इकली न्हवं मला."

शालूनं माझ्याकडं बघितलं. ती सकाळची धार काढून एका दिवसासाठी कुरुंदवाडला लेकीकडं गेली होती आणि त्याच दुपारी मी चांदी विकली होती. ती परत आल्यावर सांगितलं, चुलतभावाची सून बाळंत झालीया, त्यांना दुधाची नड हाय, पंधरा दिस दिलीया. ती एवढंच म्हणाली होती, "माझ्याबिगर धार द्यायची न्हाय ती." मी म्हणालो होतो, बघतील की त्यांचं ते.

"आक्का, तुमच्या अंगावरचं एक जुनं लुगडं द्या," भरमाप्पा म्हणाला. "ते गुंडाळून नीलम्मा बसंल. वासानं तरी पान्हा सोडंल."

आमच्याकडं ही रीत आहे. म्हैस एका बाईच्या हाताला लागली की दुसऱ्याला पान्हा सोडत नाही. मग त्या बाईचं लुगडं पांघरून धारेला बसायचं. म्हैस विकणारा ते आठवणीनं देतो. मी चोरून विकली, म्हणून लुगडं द्यायचं विसरलो. द्यायचं म्हटलं असतं तरी मागणार कुणाकडं?

शालू आत गेली. दोरीवरचं हिरव्या काठाचं, धारेला नेसायचं लुगडं घेऊन आली. नीट घडी घालून तिनं ते भरमाप्पाच्या हातात दिलं.

"धुऊ नगा ह्ये. आन् बसायच्या आदी तिच्या मानंखाली खाजवा. मग सोडतीया." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "च्या ठेवते पावण्यास्नी. तुमी दाढी पुरी करा. अर्ध्या तोंडानं काय बसलाय?"

भरमाप्पा गेल्यावर ती माझ्यासमोर बसली.

"कशात घातलं पैसं?"

"म्याचवर."

"कसलं म्याच?"

"क्रिकेटचं. फोनवर लावत होतो."

"जन्मात कधी ब्याट तरी धरलीया काय हातात?"

धरली नव्हती. मी कुस्तीतला माणूस. मैदानात बसलो की कोण कुठल्या डावावर पडणार ते आधी सांगायचो, आणि बाजूचे लोक दहा-वीस रुपयांची पैज लावायचे. ती मी जिंकायचो. मला वाटलं खेळ म्हणजे खेळ, आपल्याला कळतोय. फोनवर पहिल्यांदा जिंकलो आणि तेवढ्यानं घात झाला. पुढं हरलो की तेच परत मिळवायला लावायचो. ते मिळवायला अजून. जेवताना फोन, धारेच्या वेळी फोन. शालू विचारायची, "कुणाचं एवढं काम निगालंय?" मी म्हणायचो, हवामान बघतोय.

ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. त्याच संध्याकाळी गावातल्या आरोग्याचं बघणाऱ्या आशाताईला विचारून आली आणि म्हणाली, "शहरात सरकारी दवाखान्यात डाक्टरीण हाय म्हणं. दारूवाल्यास्नी बगती तशी जुगारवाल्यास्नी बी बगती. उद्या जायाचं."

"मी काय येडा हाय?"

"येडा असता तर परवडलं असतं. येड्यानं म्हस तरी इकली नसती."

पूर्णिमा मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी मला एकदाही वाईट म्हटलं नाही. म्हणाल्या, "काका, हा आजार आहे, आणि यातून माणसं बाहेर येतात. पण एकट्यानं नाही." पैसा दुसऱ्याच्या हातात द्यायचा. साधा फोन वापरायचा. गेलेला पैसा परत मिळवायचा विचार सोडायचा. हुक्की आली की घरातल्या माणसाला लगेच सांगायचं आणि अर्धा तास हाताला काम लावायचं, तेवढ्यात ती उतरते. शालू सगळं ध्यान देऊन ऐकत होती.

"हुक्की आली की मला हाक मारा," घरी येताना एसटीत ती म्हणाली. "शेण काढायला लावते. हातबी गुततील आन् गोठाबी निर्मळ हुईल."

चार मंगळवार गेलो. हाक मारायचो, ती खराटा हातात द्यायची. एकदा दिवसात तीनदा गोठा झाडला. ती हसून म्हणाली, "आमच्या जर्सी गाईला वाटाय लागलं असंल, घरात लगीन हाय."

पाचव्या मंगळवारी तिला उसाचा पाला काढायला जायचं होतं, म्हणून मी एकटा निघालो. तिनं धुतलेली कापडं दिली, तिकिटाचे पैसे दिले. मी शहरात शाहूपुरीत उतरलो. दवाखान्याकडं गेलो नाही. ओळखीच्या दुकानात मागच्या बाजूला बसलो, दुसऱ्याच्या फोनवर उधारीनं लावलं आणि हरलो.

"काय म्हणाल्या म्याडम?" घरी आल्यावर शालूनं विचारलं.

"बरं चाललंय म्हणाल्या."

तिचं तोंड असं उजळलं की मला खाली बघावं लागलं. तिनं शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या. वर तूप. मी दोन खाल्ल्या. पुढच्या मंगळवारी खरं सांगायचं असं मनाशी ठरवलं. शनिवारी तिला ताप आला. डेंगी होता. पुढच्या गुरुवारी ती गेली. अंथरुणावर असताना सांगायला तोंड उघडलं नाही. बरी झाल्यावर सांगू म्हटलं.

दिवसकार्य झाल्यावर लेकीनं, वर्षाराणीनं, तिची लुगडी जावा-भावजयांना वाटली. वाटण्याआधी मी एकेक नाकाला लावून बघितलं. सगळी धुतलेली होती. तिचा वास कशालाच नव्हता. तेव्हा हिरव्या काठाचं आठवलं, आणि मी भरमाप्पाचं घर गाठलं.

नीलम्मा धारेला बसली होती. अंगावर शालूचं लुगडं. मागून क्षणभर शालूच दिसली. चांदीनं मला ओळखलं, मान लांब केली.

"लुगडं मागाय आलोय," मी म्हणालो. "मालकीण गेली माझी."

नीलम्मा उठली आणि गुंडाळलेलं सोडायला लागली. "घ्या दादा. तुमचंच हाय."

"उद्या धार कशी काढशीला?"

"बगू की कसंबी."

मला ते हातात घेववेना. म्हणालो, "ऱ्हाऊ दे."

"मग म्हशीसकट न्ह्या," भरमाप्पा म्हणाला. "दुसऱ्याला इकत न्हाय मी. पैसं जमलं की या."

"माझ्या हातात पैसं देऊन चालत न्हाय अजून."

"मग कुणाच्या हातात चालतंय?"

"लेकीच्या."

त्यानं आत नेऊन चहा पाजला.

आता दुधाचं बिल वर्षाराणीच्या खात्यावर जातं. दर मंगळवारी मी दवाखान्यात जातो. दिवाळीत एकदा घसरलो, ते जाऊन सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "सांगायला आलात, हे महत्त्वाचं." शाहूपुरीचं खोटंही त्यांना सांगितलं. लेकीला सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. हुक्की आली की तिला फोन लावतो आणि बोलणं झालं की खराटा घेतो.

चांदी अजून भरमाप्पाच्या गोठ्यात आहे. लुगडं तिथंच आहे. शालूला खरं सांगायचं राहिलं.