एका रिळावर दोघं

"अहो, थांबा! ते रीळ धुवू नका!"

बाथरूमच्या दाराबाहेरून प्रमिलाबाई ओरडल्या. ओरडल्या म्हणजे घोगरल्या. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांच्या आवाजाचं एवढंच शिल्लक होतं.

आत त्यांचे यजमान हणमंतराव पालथ्या बादलीवर, मिट्ट काळोखात बसले होते. हातात उघडी फिल्म, दाराच्या फटीत कोंबलेले जुने टॉवेल. सुलतान बाजारातल्या लॅबने स्लाइड धुणं सोडल्यापासून हे काम बरकतपुऱ्याच्या या बाथरूममध्येच चाले. आता दार उघडणं म्हणजे सगळ्यावर पाणी.

"काय झालं?"

"त्याच रिळावर आधी मी तुमचे फोटो काढलेत. गच्चीवर. उन्हात."

हणमंतरावांनी काळोखातच डोळे मिटले. ऑपरेशनच्या आधी नारायणगुड्याच्या सभागृहात प्रमिलाबाईंचं शेवटचं गाणं झालं. तेव्हा कॅमेऱ्यात नवं रीळ आहे असं समजून हणमंतरावांनी फोटो काढले होते आणि नेहमीप्रमाणे शंभर वेगाची फिल्म चारशेची आहे, अशी कॅमेऱ्याला थाप मारली होती.

तिथे उजेड बेताचा, आणि फ्लॅश मारला की गाणारी दचकते. मग कमी उजेडातही चालणारी, जास्त वेगाची फिल्म का नाही? स्लाइडची तशी फिल्म आता मिळत नाही. मिळायची तेव्हाही फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे यायचे, रंग विटके यायचे. बायकोचा चेहरा रव्याचा दिसावा, हे हणमंतरावांना मान्य नव्हतं. त्यापेक्षा साध्याच फिल्मला उजेड कमी द्यायचा आणि धुताना पहिल्या रसायनात जास्त वेळ ठेवून कसर भरून काढायची. सावल्या काळ्याठिक्कर पडतात, पण दाणा त्या मानाने बारीक राहतो. नवीन काही आणायचं नाही, आहे त्याच्याकडूनच जास्त काम करून घ्यायचं. सरकारी खात्यात त्यांचं स्वतःचं आयुष्य याच पद्धतीने धुतलं गेलं होतं.

पण रीळ एकच. जास्त वेळ ठेवलं, तर उन्हात आधीच पुरेसा उजेड मिळालेले गच्चीवरचे हणमंतराव पांढरेफटक. नेहमीइतकं ठेवलं, तर गाणाऱ्या प्रमिलाबाई अंधारात.

"माझे जाऊ दे. तुझं गाणं वाचवतो."

"नक्को! तुमचा एक धड फोटो नाही घरात. उद्या काही झालं तर हार काय आधार कार्डाला घालू?"

"त्यात मी तरुण दिसतो."

"चोर दिसता."

"बरं, मग दोघांच्या मध्ये कापतो. दोन वेळा धुतो. माझे किती काढलेस?"

बाहेरून नुसती हवा आली. आवाज तिथेच बसला.

"बोलू नको. दार वाजव."

टकटक सुरू झाली. हणमंतराव मोजत होते. टकटक थांबली. मग, बऱ्याच वेळाने, आणखी एक.

पुठ्ठ्याच्या मापाने अंधारात चाचपत त्यांनी तेवढे फोटो मोजले आणि कात्री चालवली.

दुपारी दोन्ही तुकडे दोरीवर वाळत होते. दुसऱ्यावर प्रमिलाबाई गात होत्या, पदराच्या घड्या काळ्या, चेहरा स्वच्छ. पहिल्यावर बनियनमधले हणमंतराव कुंड्यांना पाणी घालत होते. त्याचं शेवटचं चित्र मात्र जवळजवळ काळं होतं. भिंगातून पाहिल्यावर त्यात नाकातली चमकी दिसली.

"हा तर गाण्यातला आहे. तू एक जास्त वाजवलीस."

"हौ. कात्री चुकून तुमच्यावर चालली असती तर?"

"हा तुझा पहिला होता. सूर लावतानाचा."

"सूर लावताना तोंड वाकडं होतं माझं," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

संध्याकाळी खिडक्या लावून हणमंतरावांनी प्रोजेक्टर सुरू केला. बनियन, कुंड्या, पुन्हा बनियन. प्रमिलाबाई हसल्या. मग ती काळी स्लाइड आली आणि भिंत अंधारली.

अंधारात प्रमिलाबाईंनी घसा खाकरला, गायला बसण्याआधी खाकरत तसा.

हणमंतरावांचं बोट पुढच्या स्लाइडच्या बटणावर होतं. त्यांनी ते दाबलं नाही.